गोविंदराव टेंबे : संगीत रंगभूमी ते बोलपट – एका गायकनटाचा प्रवास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात कोल्हापूर शहराचे स्थान अनन्यसाधारण आहे. मल्लविद्या, चित्रकला, अभिजात संगीत, नाटक आणि चित्रपट या सर्व कलांना या नगरीत राजाश्रयही लाभला आणि लोकाश्रयही. या कला येथे एकमेकींपासून अलिप्त राहिल्या नाहीत. नाटकाचे पडदे रंगविणारे हात पुढे चित्रपटाचा कॅमेरा हाताळू लागले. दरबारी गवयाचे गाणे ऐकून तयार झालेला कान नाटकाच्या पदांना चाली देऊ लागला आणि नाटकात गाणारा नट पुढे पडद्यावर बोलू लागला. या देवाणघेवाणीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गोविंद सदाशिव टेंबे (५ जून १८८१ – ९ ऑक्टोबर १९५५) यांचे जीवन होय.

गोविंदराव टेंबे यांची आजची ओळख प्रामुख्याने हार्मोनियमवादक आणि 'मानापमान' नाटकाचे संगीतकार अशी आहे. ते नट होते, गंधर्व नाटक मंडळीचे संस्थापक भागीदार होते आणि १९३२ साली प्रदर्शित झालेल्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाचे नायक होते, या बाबींचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात आटोपला जातो. वास्तविक पाहता रंगभूमी आणि रुपेरी पडदा या दोन्ही माध्यमांच्या संधिकाळात ज्या कलावंतांनी प्रत्यक्ष काम केले, त्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा आढावा घेऊन, त्यांच्यातील नटाकडे कोणत्या कारणांमुळे दुर्लक्ष झाले असावे, याचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. गोविंदराव टेंबे यांच्या जडणघडणीत कोल्हापूरच्या संगीतमय वातावरणाचा वाटा स्पष्ट करणे.
२. संगीत रंगभूमीवरील त्यांच्या कार्याचा परिचय करून देणे.
३. मूकपटाकडून बोलपटाकडे होणाऱ्या संक्रमणात गायकनटाचे महत्त्व का वाढले व पुढे ते का ओसरले, याची कारणमीमांसा करणे.

१. जडणघडण : कोल्हापूरचे संगीतमय वातावरण

गोविंदरावांचा जन्म कोल्हापूर परिसरातला. त्यांच्या उमेदीच्या काळात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द सुरू होती. महाराजांनी अनेक गुणी कलावंतांना आपल्या पदरी आश्रय दिला. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ हे त्यांपैकी अग्रगण्य होत. खाँसाहेबांच्या कोल्हापुरातील वास्तव्यामुळे या शहरात अभिजात संगीताची अत्यंत कसदार परंपरा रुजली. त्याचबरोबर १८८३ साली स्थापन झालेला गायन समाज, म्हणजेच आजचा देवल क्लब, हे गाण्याच्या बैठकींचे आणि रसिकांच्या गाठीभेटींचे हक्काचे ठिकाण होते.

कोणा एका गुरूपाशी बसून हार्मोनियमची रीतसर तालीम गोविंदरावांना मिळालेली नव्हती. मोठमोठ्या गवयांची गाणी ऐकणे, ती मनात साठविणे आणि पेटीवर उतरविणे, हाच त्यांचा विद्याभ्यास होता. पुढे पंडित भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचा सहवास त्यांना लाभला. बुवांच्या मैफलींत हार्मोनियमची साथ करता करता त्यांना ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीनही घराण्यांच्या गायकीचा जवळून परिचय झाला. साथीदाराला गायकाच्या मनात उमटणारी पुढची जागा आधीच ओळखावी लागते. ही सवय त्यांना पुढे नट म्हणून आणि संगीतकार म्हणूनही उपयोगी पडली असली पाहिजे.

हार्मोनियम या वाद्याला त्या काळी गाण्याच्या साथीपलीकडे फारशी प्रतिष्ठा नव्हती. स्वर तुटक, मींड काढता येत नाही, असे आक्षेप तिच्यावर घेतले जात. गोविंदरावांनी स्वतंत्र हार्मोनियमवादनाला मैफलीत मान मिळवून दिला. जे वाद्य मुळात गायकीच्या अंगाने वाजत नाही असे मानले जाई, त्यातून त्यांनी ठुमरीचा लडिवाळपणा आणि ख्यालाची बढत उभी केली.

२. 'मानापमान' आणि नाट्यसंगीतातील परिवर्तन

१२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'संगीत मानापमान' हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत गोविंदरावांचे होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते.

या नाटकाच्या संगीताचे महत्त्व समजून घेण्यासाठी त्यापूर्वीच्या नाट्यसंगीताकडे दृष्टिक्षेप टाकणे आवश्यक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाची जी परंपरा सुरू केली, तिच्यात साकी, दिंडी, कामदा यांसारख्या छंदांना, कीर्तनातील व लोकपरंपरेतील चालींना मोठे स्थान होते. पदे संख्येने पुष्कळ असत आणि ती कथानक पुढे नेण्याचे काम करीत. 'मानापमान'मध्ये गोविंदरावांनी उत्तर हिंदुस्थानातील पूरब अंगाच्या ठुमरी, दादरा, कजरी, गझल अशा रचनांच्या चाली आणल्या. मूळ चीज निवडायची, तिच्या वजनावर नाटककाराने शब्द बांधायचे आणि नटाने ती प्रसंगाच्या भावानुसार गायची, अशी ही पद्धत होती.

या परिवर्तनाचे दोन परिणाम संभवले. पहिला असा की, नाट्यपद हे स्वतंत्रपणे ऐकण्याजोगे झाले. नाटक न पाहिलेला माणूसही पदे गुणगुणू लागला. दुसरा परिणाम नटाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता. ठुमरीच्या अंगाने बांधलेले पद एकाच ओळीचे अनेक भाव दाखवू शकते. परिणामी गाणे हाच अभिनय झाला. बालगंधर्वांनी भामिनीच्या भूमिकेत या शक्यतेचे सोने केले. मात्र त्याच वेळी नाटकाचा कणा असलेल्या संवादांपेक्षा गाणे वरचढ होण्याचा धोकाही निर्माण झाला. 'वन्स मोअर'च्या मागणीमुळे नाटके पहाटेपर्यंत लांबू लागली, ही तक्रार पुढील काळात वारंवार झाली. संगीत रंगभूमीचे वैभव आणि तिच्या ऱ्हासाचे बीज या दोन्हींचा उगम जवळजवळ एकाच ठिकाणी शोधावा लागतो.

'मानापमान'च्या संगीताचे सामर्थ्य पुढे दहा वर्षांनी पुन्हा एकदा दिसून आले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. त्यात भामिनी बालगंधर्व होते आणि धैर्यधर कोल्हापूरचे केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे अग्रणी एकाच रंगमंचावर आले आणि त्यासाठी निवडलेले नाटक गोविंदरावांच्या चालींचे होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे अकाली निधन झाले.

३. गायकनट आणि नाटक मंडळीचा भागीदार

किर्लोस्कर मंडळीचे प्रमुख गायकनट नानासाहेब जोगळेकर यांचे १९११ सालीच निधन झाले. पुरुष भूमिका करणाऱ्या समर्थ गायकाची उणीव मंडळीला भासू लागली. संगीतकार म्हणून आलेले गोविंदराव याच पार्श्वभूमीवर नट म्हणून रंगभूमीवर उभे राहिले.

जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. या त्रयीची रचना विचारपूर्वक झालेली दिसते. बालगंधर्व हे स्त्रीभूमिकांचे आणि गायनाचे सर्वोच्च आकर्षण होते. बोडस हे गद्य अभिनयाचे आणि विनोदाचे बादशहा होते, तर गोविंदराव हे संगीताची जाण असलेले गायकनट होते. बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हती. प्रेक्षकांचे सर्व लक्ष नायिकेकडे असताना तिच्या गाण्याला पोषक ठरेल, पण तिच्यावर मात करणार नाही, असे गाणे नायकाला गावे लागे. साथसंगतीचा दीर्घ अनुभव असलेल्या कलावंताला हे भान उपजत असणार, असे अनुमान करण्यास जागा आहे.

ही भागीदारी मात्र फार काळ टिकली नाही. १९१५ च्या सुमारास गोविंदराव मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. स्वतः संगीत नाटके लिहिणे, त्यांना चाली देणे, नटांना तालीम देणे आणि स्वतः भूमिका करणे, अशी सर्व अंगे त्यांनी सांभाळली.

येथे नाटक मंडळीच्या अर्थकारणाचा विचार करणे अगत्याचे ठरते. त्या काळातील संगीत नाटक मंडळी म्हणजे एक फिरते संस्थानच असे. नट, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी, व्यवस्थापक अशा मोठ्या परिवाराचा निवास आणि भोजन मालकाच्या खर्चाने चाले. गावोगावी मुक्काम हलवावा लागे. पावसाळ्यात उत्पन्न घटे, पण खर्च कमी होत नसे. त्यात पडदे, पोशाख, दागिने यांची स्पर्धा सुरू झाली की कर्जाचा डोंगर वाढे. अशा व्यवस्थेत कलावंत आणि मालक या दोन भूमिका एकाच व्यक्तीने पार पाडणे अत्यंत कठीण होते. बालगंधर्वांसारख्या लोकप्रिय नटालाही कर्जाने ग्रासले, हे सर्वज्ञात आहे. गोविंदरावांचा पिंड मुळात मैफलीच्या कलावंताचा होता. मंडळीचा संसार त्यांना दीर्घकाळ मानवला नाही, यात नवल नाही.

४. मूकपटाचे कोल्हापूर

एकीकडे संगीत रंगभूमी वैभवाच्या शिखरावर असतानाच, दुसरीकडे कोल्हापुरात एका नव्या कलेची पायाभरणी होत होती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मिस्त्री बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी केलेले काम प्रसिद्ध आहे. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाल्यानंतर बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट प्रदर्शित केला. या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, ही त्या काळी धाडसाची बाब होती.

याच कंपनीत तयार झालेल्या व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. शांताराम यांनी लहान वयात काही काळ गंधर्व नाटक मंडळीत काम केले होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. म्हणजेच प्रभातच्या दिग्दर्शकाला संगीत नाटकाचा अनुभव आतून होता.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि मूकपटांचे दिवस भरले. मूकपटातील अनेक नटनटींपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. देखणा चेहरा, चपळ शरीर आणि बोलके डोळे एवढ्या भांडवलावर आता भागणार नव्हते. स्पष्ट वाणी आणि गाता गळा यांची निकड निर्माण झाली. अमेरिकेत १९२७ च्या 'द जाझ सिंगर'नंतर ध्वनीयुक्त चित्रपट सुरू झाले, तेव्हा तेथील निर्मात्यांनी रंगभूमीवरील नटांकडे धाव घेतली होती. महाराष्ट्रातही तेच घडले. येथे मात्र रंगभूमीच संगीताची असल्याने मागणी गायकनटांची झाली.

५. 'अयोध्येचा राजा' : पहिल्या मराठी बोलपटाचा नायक

प्रभातने आपल्या पहिल्या बोलपटासाठी राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली याच कथेवर आपला पहिला चित्रपट काढला होता. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. गंधर्व नाटक मंडळीही त्याच वर्षी स्थापन झाली होती. एकोणीस वर्षांनंतर प्रभातच्या चित्रपटात हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी आणि संगीतासाठी गोविंदराव टेंबे यांची निवड झाली. तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गा खोटे या सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील तरुणीला पाचारण करण्यात आले. बाबूराव पेंढारकर गंगानाथाच्या आणि मास्टर विनायक नारदाच्या भूमिकेत होते. दिग्दर्शन शांतारामांचे होते. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची 'अयोध्या का राजा' ही हिंदी आवृत्तीही तयार करण्यात आली.

हरिश्चंद्राची भूमिका करताना गोविंदरावांचे वय पन्नास वर्षांचे होते आणि दुर्गा खोटे सत्तावीस वर्षांच्या होत्या. आजच्या दृष्टीने नायकासाठी हे वय अधिक वाटेल. तथापि त्या काळाच्या तांत्रिक गरजा पाहिल्यास या निवडीमागील तर्क स्पष्ट होतो.

त्या वेळी पार्श्वगायनाची सोय नव्हती. चित्रण आणि ध्वनिमुद्रण एकाच वेळी होत असे. नटाने कॅमेऱ्यासमोर अभिनय करीत प्रत्यक्ष गायचे, वादकांनी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, सेटच्या आडोशाला बसून साथ करायची आणि प्रेक्षकाला दिसणार नाही अशा बेताने ध्वनिग्राहक टांगायचा, अशी व्यवस्था होती. नट मान वळवून ध्वनिग्राहकापासून दूर गेला की आवाज क्षीण होई. तबलजीचा ठेका चुकला, गायकाचा स्वर हलला किंवा बाहेरचा एखादा आवाज आत शिरला, की संपूर्ण चित्रण नव्याने करावे लागे. फिल्मचा खर्च पाहता अशा चुका परवडणाऱ्या नव्हत्या. शिवाय मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या निघत असल्याने प्रत्येक प्रसंग आणि प्रत्येक गाणे दोन भाषांत वठवावे लागे.

अशा परिस्थितीत ज्याचा स्वर पक्का आहे, ज्याला लयीचे भान आहे, जो स्वतःच चालींचा कर्ता आहे आणि ज्याला हजारो प्रेक्षकांसमोर उभे राहण्याची सवय आहे, असा कलावंत निर्मात्यांना किती मोलाचा वाटला असेल, याची सहज कल्पना येते. नट, गायक आणि संगीतकार या तिन्ही गरजा एकाच व्यक्तीत भागत होत्या. गोविंदरावांची निवड म्हणजे एका मान्यवराचा केलेला सन्मान नव्हता. ती त्या तंत्राची अपरिहार्य गरज होती.

दुसरी महत्त्वाची बाब अभिनयपद्धतीची आहे. रंगभूमीवर गोविंदराव ज्या नायिकेसमोर उभे राहिले, ती स्त्रीवेषधारी पुरुष होती. तेथील प्रेमभाव, विरह आणि रुसवे-फुगवे हे संकेतांनी बांधलेले होते. प्रेक्षकांनाही ते संकेत मान्य होते. पडद्यावर त्यांच्यासमोर प्रत्यक्ष स्त्री होती आणि कॅमेरा दोघांच्याही चेहऱ्याजवळ आलेला होता. हरिश्चंद्र आणि तारामती यांच्या कथेत राज्यत्याग, पत्नी आणि पुत्राची विक्री, पुत्रवियोग असे अत्यंत करुण प्रसंग आहेत. त्यांत मोठ्या आवाजातील स्वगतापेक्षा संयत शोक अधिक परिणामकारक ठरतो. आज हा चित्रपट पाहताना गोविंदरावांच्या संवादफेकीवर रंगभूमीचा ठसा स्पष्ट जाणवतो. वाक्याचा शेवट लांबविणे, शब्द तोलून उच्चारणे, गाण्याच्या वेळी स्थिर उभे राहणे या लकबी नाटकाच्याच आहेत. परंतु गाण्यातून व्यक्त होणारा त्यांचा खेद हा नाट्यगृहातील शेवटच्या रांगेसाठी नाही. तो जवळच्या श्रोत्यासाठी आहे. हा गुण त्यांनी नाटकातून घेतलेला नसून मैफलीतून घेतलेला असावा.

६. प्रभातमधील पुढील कार्य

१९३२ सालीच प्रभातचा 'माया मच्छिंद्र' हा बोलपट प्रदर्शित झाला. त्यात मच्छिंद्रनाथाची भूमिका गोविंदरावांची, राणी किलोतलेची दुर्गा खोटे यांची आणि गोरखनाथाची मास्टर विनायक यांची होती. स्त्रीराज्यात रमलेल्या गुरूला शिष्याने जागे करावे, ही मूळ कथा नाथपंथीय परंपरेतील असून महाराष्ट्रात सुपरिचित आहे. हरिश्चंद्र हा सत्त्वशील राजा, तर मच्छिंद्र हा मायेत गुंतल्यासारखा दिसणारा योगी. या दोन परस्परभिन्न भूमिका एकाच वर्षी साकार करण्याची संधी गोविंदरावांना लाभली.

याच काळात 'अग्निकंकण', 'सिंहगड' (१९३३) आणि 'सैरंध्री' (१९३३) या प्रभातच्या बोलपटांनाही त्यांनी संगीत दिले. 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करण्याचा प्रयत्न झाला आणि त्यासाठी जर्मनीतील प्रयोगशाळेची मदत घेण्यात आली, मात्र तो अपेक्षेइतका यशस्वी झाला नाही.

१९३३ साली प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापूर सोडून पुण्यास स्थलांतर केले. पुण्यातील नव्या स्टुडिओतून १९३४ साली आलेल्या 'अमृतमंथन'चे संगीत केशवराव भोळे यांचे होते, तर १९३५ च्या 'धर्मात्मा'चे संगीत मास्टर कृष्णराव यांचे. मास्टर कृष्णराव हे भास्करबुवा बखले यांचेच शिष्य होत. म्हणजे प्रभातच्या संगीतात भास्करबुवांचा वारसा पुढेही चालू राहिला, परंतु गोविंदरावांचे पर्व कोल्हापुरातच संपले.

'धर्मात्मा'मध्ये बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली, ही घटना तुलनेसाठी उपयुक्त आहे. आयुष्यभर स्त्रीभूमिका गाजविलेल्या या श्रेष्ठ नटाला पडद्यावर पुरुष भूमिका स्वीकारावी लागली आणि रंगभूमीवरील जादू तेथे पुन्हा निर्माण झाली नाही. गोविंदराव मात्र तीन वर्षे आधीच या माध्यमात स्थिरावले होते. त्यांना वेष बदलावा लागला नाही. त्यांचे रंगभूमीवरील व्यक्तिमत्त्व आणि पडद्यावरील व्यक्तिमत्त्व यांत विसंगती नव्हती, हे या यशाचे एक कारण मानता येईल.

७. पार्श्वगायन आणि गायकनटाचा अस्त

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाच्या तंत्राचा अवलंब केला. गाणे आधी मुद्रित करायचे आणि चित्रणाच्या वेळी नटाने केवळ ओठ हलवायचे, ही पद्धत पुढील काही वर्षांत सर्वत्र रूढ झाली. या तंत्राने चित्रपटाला अनेक बंधनांतून मुक्त केले. कॅमेरा गाण्यातही हालचाल करू लागला, वाद्यमेळ मोठा झाला, ध्वनिमुद्रण निर्दोष झाले. मात्र त्याचबरोबर एका व्यक्तीत एकवटलेली कला तीन व्यक्तींत विभागली गेली. दिसणारा वेगळा, गाणारा वेगळा आणि चाल बांधणारा वेगळा. गायकनट या संस्थेचे प्रयोजनच उरले नाही.

या बदलाचा विचार केल्यास असे दिसते की, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताला नायक म्हणून पडद्यावर उभे राहता येईल असा काळ जेमतेम चार-पाच वर्षांचा होता. १९३१ पूर्वी पडद्याला आवाज नव्हता आणि १९३५ नंतर त्याला नटाच्याच आवाजाची गरज उरली नाही. नंतरच्या पिढ्यांनी त्यांना नट म्हणून विसरावे, यामागे त्यांच्या अभिनयाच्या उणिवांपेक्षा माध्यमाच्या बदलाचा भाग अधिक आहे.

८. उत्तरायुष्य आणि लेखनकार्य

चित्रपटातील उमेदीचा काळ सरल्यानंतर गोविंदरावांनी संगीतविषयक लेखनाकडे लक्ष वळविले. 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) या ग्रंथात त्यांनी आपल्या काळातील गायक-वादकांविषयी आणि संगीताच्या आस्वादाविषयी विवेचन केले आहे. 'माझा जीवनविहार' हे त्यांचे आत्मचरित्रात्मक लेखन होय. उस्ताद अल्लादियाखाँ यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र हे जयपूर-अत्रौली घराण्याच्या अभ्यासकांना आजही महत्त्वाचे वाटते. ज्यांनी हे गवई प्रत्यक्ष ऐकले आणि ज्यांना मराठी गद्य समर्थपणे लिहिता येत होते, अशी माणसे मोजकीच होती. ध्वनिमुद्रणे अत्यल्प असलेल्या त्या काळातील गाण्याची कल्पना आज येते ती अशा लेखनामुळेच.

या उत्तरपर्वातील एक विरोधाभास नमूद करण्याजोगा आहे. ज्या हार्मोनियमला त्यांनी मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले, तिच्यावर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली. ही बंदी त्यांच्या हयातीत उठली नाही. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. गोविंदराव टेंबे यांची कला कोल्हापूरच्या सर्वसमावेशक सांस्कृतिक वातावरणातून घडली. दरबार, गायन समाज, नाटक मंडळी आणि चित्रसंस्था ही केंद्रे एकाच शहरात असल्याने एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाणे त्यांना शक्य झाले.

२. 'मानापमान'च्या संगीताने नाट्यपदाचे स्वरूप बदलले आणि गाण्यालाच अभिनयाचे साधन बनविले. हाच संस्कार पुढे मराठी बोलपटाच्या आरंभकाळात उपयोगी पडला.

३. पहिल्या मराठी बोलपटाचा नायक म्हणून झालेली त्यांची निवड ही तत्कालीन ध्वनितंत्राच्या गरजेतून झाली होती. पार्श्वगायनाच्या आगमनानंतर ती गरज संपली आणि त्याबरोबर गायकनटाचे युगही संपले.

४. त्यांच्या अभिनयाचे मूल्यमापन आजच्या चित्रपटाच्या निकषांवर करणे अन्यायाचे ठरेल. ज्या क्षणी चित्र, शब्द आणि स्वर एकाच वेळी, एकाच व्यक्तीकडून साकार होत होते, त्या क्षणाचे ते प्रतिनिधी होत.

कोल्हापुरात देवल क्लबच्या रंगमंदिराला गोविंदराव टेंबे यांचे नाव देऊन शहराने त्यांची स्मृती जतन केली आहे. शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि पुढे केशवराव भोसले यांचे नाव लाभलेल्या नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी आग लागली आणि शेकडो रसिक हळहळले. वास्तू जळाली की सर्वांना ती दिसते. एखाद्या कलावंताच्या कार्यातील एक संपूर्ण अंग विस्मृतीत गेले तर ते मात्र कोणाच्या सहसा लक्षात येत नाही. 'अयोध्येचा राजा' हा चित्रपट सुदैवाने आजही पाहावयास उपलब्ध आहे. नाट्यशास्त्र, संगीत आणि चित्रपट या विषयांच्या विद्यार्थ्यांनी तो केवळ पहिला मराठी बोलपट म्हणून न पाहता, एका गायकनटाच्या कलेचा चालता-बोलता दस्तऐवज म्हणून अभ्यासावा. कोल्हापुरातील महाविद्यालये आणि कलासंस्था यांना या कामी पुढाकार घेता येण्यासारखा आहे.